आप्त कोणाला म्हणायचं?

२००४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले दोघे आणि याहूतला एक असे तीन संशोधक एका पेचात सापडले होते. अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने गोळा केलेल्या तीन कोटींहून अधिक साइट्स त्यांच्यापुढे होत्या. त्यांत लबाड साइट्सचा सुळसुळाट होता. कुणी वाचावं म्हणून नव्हे, तर शोधयंत्राने वर दाखवावं म्हणून उभारलेली पानं, एकमेकांना लिंका देणारे साइट्सचे कंपू, तेच शब्द पन्नास वेळा घोकणारे मजकूर. माणसाला असलं पान बघताक्षणी ओळखू येतं, यंत्राला येत नाही; आणि तीन कोटी साइट्स बघायला माणसं आणायची कुठून?

झोल्टान ग्योंग्यी, हेक्टर गार्सिया-मोलिना आणि जान पेडरसन यांनी काढलेला तोडगा ‘ट्रस्टरँक’ या नावाने प्रसिद्ध झाला. थोड्याच साइट्स माणसाने डोळ्यांनी तपासून निवडायच्या, त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकायचा, त्या ज्यांना लिंक देतात त्यांच्यावर जरा कमी, त्यांच्या पुढच्यांवर आणखी कमी. गाळत गाळत ते १७८ साइट्सवर येऊन थांबले. गाळण्याच्या पहिल्या फेरीतली एक चाळणी अशी होती की जी साइट कुठल्याच मोठ्या वेब डिरेक्टरीत (माणसांनी तपासून केलेल्या विषयवार यादीत) नोंदलेली नाही, ती बाद. म्हणजे बाकी सगळं गणित यंत्राचं, पण श्रीगणेशा करायला कुणा माणसाने ‘ही साइट मी पाहिली आहे, बरी आहे’ असं म्हटलेलं असावं लागलं.

कुणाचा शब्द मानायचा, आणि का, हा प्रश्न भारतीय दर्शनांत फार जुना आहे. त्यावर झालेले वाद वाचताना आजच्या डिरेक्टऱ्यांचं बरंवाईट जितकं स्वच्छ दिसतं, तितकं ते धंद्याच्या सल्ल्यांच्या पुस्तकांतून दिसत नाही. (न्यायसूत्रांत गुगल होतं असा दावा इथे कुणी करत नाहीये. तसले दावे व्हॉट्सॲपवर पुरेसे फिरत असतात.)

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांनी, ज्ञानाची साधनं चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताने सांगितलेलं, एवढी न्यायसूत्रकार गौतमाची व्याख्या. मग आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनाने मुख्यतः दोन अटी घातल्या. जे सांगायचं ते त्याने स्वतः साक्षात जाणलेलं असावं, आणि जसं पाहिलं तसंच दुसऱ्याला कळावं या इच्छेने तो बोलत असावा. यापुढचं त्याचं म्हणणं धीट आहे. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू, असं तो सांगतो. चरकसंहितेतला आप्त तप आणि ज्ञान यांच्या बळावर रज-तमांतून सुटलेला असतो. तो सापडायला जन्म जायचा. वात्स्यायनाचा आप्त मात्र बाजारात, धक्क्यावर, नदीच्या उताराशीही भेटू शकतो. नदीला उतार कुठे आहे हे तिथला नावाडी सांगतो, तेव्हा त्याचं कुळ कुणी विचारत नाही.

बौद्धांनी आणि वैशेषिकांनी याला हरकत घेतली. शब्द हे वेगळं प्रमाण मानायचं कारणच काय? बोलणारा भरवशाचा आहे हे आपण खुणांवरून ठरवतो आणि त्यावरून त्याचं म्हणणं खरं धरतो. हे अनुमानच झालं.

१९९८ साली गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी पेजरँक मांडला, तेव्हा नकळत ते या दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळाले. कुणाच्या शब्दावर विसंबायचं नाही, लिंक ही खूण धरायची आणि खुणांवरून अनुमान करायचं. ज्या पानाला महत्त्वाची पानं लिंक देतात, ते पान महत्त्वाचं. नैयायिकाने ही व्याख्या ऐकताच ‘अन्योन्याश्रय!’ म्हणून बोट वर केलं असतं, कारण अ चं महत्त्व ब वरून आणि ब चं अ वरून. गणिताला मात्र या दोषाची अडचण होत नाही. सगळ्यांना सारखे गुण देऊन आकडेमोड पुन्हा पुन्हा करत राहिलं, की आकडे एका जागी स्थिरावतात. अडचण दुसरीकडे होती. अनुमान खुणेवर उभं असतं आणि खूण खोटी असू शकते. न्यायाच्या पोथ्यांतलं नेहमीचं उदाहरण म्हणजे वाफ किंवा धुकं पाहून धूर समजणं आणि डोंगरावर आग आहे असं ठरवणं. लिंकेला किंमत आहे हे कळल्याबरोबर धुकं तयार करून विकणारे कारखाने निघाले.

त्या काळात खरा धूर कुठे आहे ते सांगणारे लोक म्हणजे डिरेक्टरीचे संपादक.

त्यांची परंपरा वेबइतकीच जुनी. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्नमध्ये ‘व्हर्च्युअल लायब्ररी’ सुरू केली, ती विषयवार यादीच होती. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आवडत्या साइट्सची यादी केली, तिचं पुढे याहू झालं. आणि जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी एक डिरेक्टरी काढली. ती आधी ग्नूहू, मग न्यूहू आणि नेटस्केपने विकत घेतल्यावर ओपन डिरेक्टरी झाली. जाणकारांच्या तोंडी डीमॉझ. याच स्क्रेंटाने शाळकरी वयात, १९८२ मध्ये, ॲपल-टू संगणकावर फ्लॉपीतून पसरणारा ‘एल्क क्लोनर’ हा व्हायरस लिहिला होता. खोडी काय असते हे माहीत असलेल्या माणसाने राखणीचं काम काढलं, हे एका अर्थी बरंच झालं.

डीमॉझमध्ये काम करणारे स्वयंसेवक होते. संपादक व्हायचं तर अर्ज करावा लागे; आपण निवडलेल्या विभागात नोंदवाव्यात अशा दोन-तीन साइट्स वर्णनासह लिहून दाखवाव्या लागत, आणि आपला कोणत्या साइट्सशी संबंध आहे तेही उघड सांगावं लागे. मग विभाग मिळे आणि त्याबरोबर वाट पाहत असलेल्या साइट्सची रांग.

त्या रांगेतलं एक काम जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, गोव्याच्या विभागात एक साइट आली. पाठवणाऱ्याने शीर्षक दिलंय: ‘बेस्ट चीप गोवा हॉटेल, गोवा हॉटेल बुकिंग, हॉटेल्स इन गोवा!!!’ संपादक साइट उघडतो. पहिल्या पानावर समुद्र, माडाची झाडं आणि ‘आताच बुक करा’चं बटण. तो बटण दाबून बघतो. ते भलत्याच बुकिंग कंपनीच्या साइटवर नेत असेल, तर हा फक्त दलाल; नोंद नाही. तसं नसेल तर तो पत्ता शोधतो, खोल्यांची पानं उघडतो, मजकुरातलं एखादं वाक्य उचलून दुसरीकडे जसंच्या तसं आहे का ते पाहतो. हाच मालक दुसऱ्या नावाने आधीच यादीत तर नाही? सगळं ठीक निघालं, की शीर्षक खोडून तिथे हॉटेलचं पाटीवरचं नाव लिहितो. वर्णन: ‘कळंगुट इथलं वीस खोल्यांचं हॉटेल. दर, छायाचित्रं आणि पोचण्याचा रस्ता.’ ‘उत्कृष्ट’ नाही, ‘स्वागत’ नाही, उद्गारचिन्ह नाही. दहा मिनिटांचं काम, आणि हॉटेलवाला नाराज होण्याची खात्री.

वात्स्यायनाच्या दोन्ही अटी त्या दहा मिनिटांत पाळल्या जातात. बटण दाबून बघणं ही पहिली अट, विशेषणं खोडणं ही दुसरी.

बोलणाऱ्याच्या हातून खोटं कसं घडतं, याचे आपल्या परंपरेत चार दोष मोजलेले आहेत: भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव. चुकीचं समजणं, हयगय, फसवण्याची इच्छा आणि साधन अपुरं पडणं. डीमॉझच्या वाट्याला चारही आले. भ्रमाचं सोडा, तो कुणाला सुटलाय. हयगय मात्र डोंगराएवढी साचली. रांगेत टाकलेल्या साइटकडे महिनोन् महिने कुणी बघत नसे, आणि संपादकावर बघण्याचं बंधनही नव्हतं. फसवणुकीचे आरोप सतत होत राहिले की अमुक संपादक पैसे घेतो, तमुक जण स्पर्धकाची साइट अडवतो. तक्रारीसाठी वेगळी सोय करावी लागली, यातच काय ते आलं. आणि करणापाटव म्हणाल, तर ऑक्टोबर २००६ मध्ये मुख्य सर्व्हर कोसळला आणि डिसेंबरपर्यंत संपादनच बंद पडलं.

तरीही शोधयंत्रांनी ही यादी उचलली. मार्च २००० मध्ये गुगलने स्वतःची डिरेक्टरी सुरू केली, ती डीमॉझच्याच नोंदींवर. फरक एकच होता. डीमॉझमध्ये साइट्स नावाच्या अक्षरक्रमाने लागत, गुगलने त्या पेजरँकप्रमाणे लावल्या. अक्षरक्रमातही लबाडी चाले, पहिला नंबर लागावा म्हणून लोक दुकानाचं नावच तीन ‘ए’नी सुरू करत, पण अक्षरक्रम निदान ‘यातला श्रेष्ठ कोण’ असं काही बोलत नाही. साइटवाल्यांसाठीच्या आपल्या सूचनांतही गुगल कितीतरी वर्षं याहू आणि ओपन डिरेक्टरीत नोंद करा असं सुचवत असे. ही सूचना २००८ च्या सुमारास गळली.

ती का गळली असावी हे समजायला त्या वर्षांत उगवलेल्या शेकडो डिरेक्टऱ्यांकडे बघावं लागतं. एकच तयार सॉफ्टवेअर, तेच बारा-पंधरा विभाग, आणि वर ठळक अक्षरांत या डिरेक्टरीचा पेजरँक किती आणि नोंदीचे डॉलर किती. एका बटणासरशी पाचशे डिरेक्टऱ्यांत नाव घालून देणारी सॉफ्टवेअरं मिळत. तिथे वाचायला कुणी येत नसे आणि तशी अपेक्षाही नव्हती. त्या याद्या यंत्राशी बोलत होत्या, वाचकाशी नव्हे. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ हा बदल आणला आणि बनावट लिंकांवर उभ्या साइट्स खाली घसरल्या. हलक्या डिरेक्टरीतल्या लिंका हा प्रकार गुगलच्या नियमांत नावानिशी गैर ठरला. कालपर्यंत ज्यांनी पैसे देऊन नोंदी करून घेतल्या होत्या, तेच त्या काढून टाका म्हणून विनवण्या करू लागले.

इथे पैशाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. याहूही पैसे घेत असे. व्यापारी साइट्सकडून पुढे पुढे वर्षाला २९९ डॉलर. मात्र ते पैसे साइट तपासण्याचे होते. तपासून नाकारली तरी परत मिळत नसत. परीक्षेची फी भरली म्हणून कुणी पास होत नाही, तसं. फी घेणारा आप्त असू शकतो. उत्तर ‘हो’ आलं तरच फी मिळणारा असू शकत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. डीमॉझचे संपादक दमडी घेत नव्हते, म्हणून ते निःस्वार्थ ठरत नाहीत. कितीकांनी विभाग मागितला तो स्वतःच्या साइटची सोय व्हावी म्हणूनच. डीमॉझने त्यांना तेवढ्यावरून हाकललं नाही. संबंध उघड सांगा आणि स्पर्धकालाही तोच न्याय द्या, एवढंच मागितलं. वात्स्यायनही आप्ताकडे वैराग्य मागत नाही. पाहिलं तसं सांगायची इच्छा बाकी इच्छांच्या वर असली, की त्याला पुरतं.

‘पाहिलं तसं’ यातही एक गोम आहे. साइट चांगली आहे असं म्हणून डिरेक्टरीचं काम संपत नाही, ती अमुक खणात आहे असंही म्हणावं लागतं. १९९५ मध्ये याहूत आलेल्या श्रीनिजा श्रीनिवासन यांच्या हुद्द्याचं नावच ‘ऑन्टॉलॉजिकल याहू’ असं होतं. जगात काय काय आहे आणि ते कशाच्या पोटात येतं हे ठरवणं त्यांचं काम. याहूत मनोरंजनाच्या विभागात गेलं की ‘पुस्तकं आणि साहित्य’ दिसे, पण शेवटी ‘@’ हे चिन्ह असे. म्हणजे हा विषय इथे दिसतोय, पण त्याचं खरं घर दुसरीकडे. क्ले शर्की यांनी २००५ मध्ये यावर कडक टीका केली. पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहतं म्हणून ग्रंथालयाला घर ठरवावं लागतं. इथे फळीच नाही, तर खरं घर कसलं? टीका बिनतोड आहे. तरी ती पूर्ण पटत नाही, कारण खण ठरवणं हीसुद्धा एक साक्ष असते आणि ती साक्ष खोटी देता येते. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणात धर्माला २०० ते २९९ हे आकडे मिळाले. त्यांतले बहुतेक बायबल आणि ख्रिस्ती पंथांनी व्यापले, आणि जगातले बाकी सगळे धर्म २९० च्या दशकात दाटीवाटीने बसले. यात कुठल्याही एका पुस्तकाबद्दल खोटं लिहिलेलं नाही. पण सगळ्या फळ्या एकत्र बघितल्या की लायब्ररी काय म्हणतेय ते ऐकू येतं. मद्रासच्या रंगनाथनांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण आणलं. एका विषयाला अनेक पैलू असतात हे त्यांनी गृहीतच धरलं. एकच खरं घर शोधण्याची सक्ती त्याने बरीच सैल झाली.

मराठीत या जातीचं काम कसं करतात हे शंकर गणेश दाते यांनी दाखवून ठेवलंय. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४४ मध्ये आली आणि १९५० पर्यंतचा दुसरा भाग १९६१ मध्ये. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ त्याहून जुना, एकोणिसाव्या शतकात मुंबईत निघालेला. न्यायातल्या पारिभाषिक शब्दांची ती डिरेक्टरीच म्हणायची, आणि आप्त शब्दाचा अर्थ बघायला अभ्यासक आजही तीच उघडतात. अशा कामाला कुठलंही यंत्र गुण देणार नव्हतं.

डिरेक्टऱ्यांनंतर जे आलं, त्याला मीमांसकांचा युक्तिवाद चपखल बसतो. वेद प्रमाण का, तर त्यांना कर्ताच नाही, असं मीमांसक म्हणतात. शब्दांत दोष येतात ते बोलणाऱ्यामुळे. बोलणारा नाही तर दोष कुठून येणार? २००२ मध्ये गुगल न्यूज सुरू झालं, तेव्हा पानाच्या तळाशी अभिमानाने लिहिलेलं असे की हे पान निव्वळ संगणकाने तयार केलंय, संपादक कुणी नाही. आणि वर कोटी अशी की यासाठी एकाही माणसाला इजा झालेली नाही, किंबहुना माणूस वापरलेलाच नाही. अपौरुषेयतेचा इतका मोकळा दावा मीमांसासूत्रकार जैमिनीनंतर क्वचितच कुणी केला असेल.

नैयायिकांचं यावर उत्तर ठरलेलं होतं. शब्द खरा ठरतो तो बोलणाऱ्याच्या गुणांमुळे. बोलणारा काढून टाकलात तर दोषांबरोबर गुणही गेले, मग खरेपणा येणार कुठून? शिवाय कर्ता नाही असं म्हटल्याने तो नाहीसा होत नाही. कुठली खूण किती वजनाची, हे कुणीतरी ठरवलेलंच असतं.

गुगललाही पुढे हे कबूल करावं लागलं, निदान आडून. निकालांचा दर्जा तपासायला ती कंपनी माणसं नेमते आणि त्यांच्यासाठी जाडजूड नियमावली छापते. त्या नियमावलीत लेखकाचं कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता हे निकष आधीपासून होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांत चौथा घातला गेला: अनुभव. लिहिणाऱ्याने ती वस्तू स्वतः वापरलीय का, त्या जागी तो स्वतः गेलाय का? नेमकं त्याच सुमाराला भाषेची यंत्रं आली आणि हॉटेल न बघता, साइट न उघडता, तिचं छान नेटकं वर्णन लिहिणं फुकटात पडू लागलं. या वर्णनांत विशेषणं नसतात, उद्गारचिन्हंही नसतात. डीमॉझच्या नियमांत ती तंतोतंत बसतील. फक्त बटण कुणी दाबून बघितलेलं नसतं.

म्हणून आज कुणी डिरेक्टरी काढायला बसलं, आणि शोधयंत्रांनी तिला मान द्यावा असं त्याला वाटत असलं, तर विषय केवढा घ्यायचा हा पहिला हिशेब करावा लागतो. सगळ्या जगाची यादी आता कुणाच्या आवाक्यात नाही. डीमॉझ बंद पडली तेव्हा नव्वद भाषांत अडतीस लाखांच्या आसपास साइट्स होत्या आणि त्यांतल्या किती जिवंत आहेत हे बघायला ‘रोबोझिला’ नावाचं यंत्र फिरवावं लागे. मेलेले दुवे ते पकडायचं. पण एखाद्या संस्थेचं डोमेन सुटून दुसऱ्याच कुणी तिथे जुगाराचं दुकान थाटलं, तर पान जिवंतच दिसणार. तिथे पुन्हा माणूस लागायचा. आप्ताचं बोलणं बोललं त्या दिवसापुरतं खरं असतं. शंभर साइट्स दर तिमाहीला स्वतः उघडून बघणारी यादी दहा हजारांच्या यादीपेक्षा आप्तपणाच्या जास्त जवळ आहे. कोकणातल्या पक्ष्यांबद्दलच्या साइट्स, मोडी लिपीची साधनं, मधुमेहावरची मराठीतली भरवशाची माहिती, असे विषय त्या मापाचे आहेत.

गुगलची डिरेक्टरी जुलै २०११ मध्ये बंद झाली. याहूची २०१४ च्या अखेरीस गेली, डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी. डीमॉझच्या संपादकांपैकी काही जणांनी नोंदी वाचवल्या आणि ‘कर्ली’ नावाने काम पुढे नेलं. तिथे अजूनही संपादक होण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि पगार अजूनही नाही.